दुखरा खांदा आणि जड वजन

आपल्या भाषेत खांदा हा अवयव नेहमी भाराशी जोडलेला आढळतो. आपण जबाबदारी खांद्यावर घेतो, संकटात एकमेकांच्या खांद्याला खांदा लावतो, बैलाच्या खांद्यावर जू ठेवतो. आणि अखेरच्या प्रवासालाही माणसाला चौघांचे खांदे लागतातच. त्यामुळे खांदा म्हणजे भार वाहण्यासाठीच घडविलेला, दगडासारखा भक्कम अवयव, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. शरीररचनेचे शास्त्र मात्र निराळेच सांगते. माणसाच्या देहातील सर्वांत मोकळा, आणि म्हणूनच सर्वांत नाजूक, असा मोठा सांधा कोणता, तर तो खांद्याचा. या दोन समजुतींमधील अंतर ज्याला उमगले नाही, त्याला जड वजने उचलताना ते आज ना उद्या दुखण्याच्या रूपाने उमगते.

आजचा विषय मी बंगळूर शहराच्या निमित्ताने मांडणार आहे आणि त्याला कारणही तसेच आहे. शहाजीराजांच्या जहागिरीमुळे या शहराशी मराठी माणसाचे नाते सतराव्या शतकापासूनचे आहे. आज नोकरीधंद्यासाठी तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्याही मोठी आहे. परंतु व्यायामाच्या इतिहासात या शहराचे नाव झाले ते मुख्यतः एका गृहस्थामुळे. के. व्ही. अय्यर हे त्यांचे नाव. १८९७ साली जन्मलेल्या अय्यरांनी बंगळुरात हर्क्युलिस व्यायामशाळा उभारली. म्हैसूरचे महाराज कृष्णराज वोडेयर यांचा त्यांना आश्रय लाभला. कन्नड नाटककार कैलासम् हे त्यांचे स्नेही. आणि स्वतः अय्यरांनी ‘शांतला’ नावाची कादंबरी लिहिली, हे ऐकून पहिलवान आणि पुस्तक यांचे वाकडे असते असे मानणाऱ्यांना थोडे नवल वाटेल. लोखंडाचे दांडे व चकत्या घेऊन शरीर घडविण्याची पाश्चात्त्य पद्धत त्यांनी मनापासून स्वीकारली होती. तथापि १९३७ साली त्यांनी सूर्यनमस्कारावर पुस्तक लिहिले, आणि वजनांच्या जोडीला आसने व नमस्कार यांचाही आग्रह धरला. याच काळात आपल्याकडे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी नमस्कारांचा प्रसार करीत होते. लोखंडाने बळ येते, पण ते बळ वागविणारे सांधे मोकळे आणि आज्ञाधारक राहावयास हवेत, हा विचार बंगळुरात असा नव्वद वर्षांपूर्वीच रुजलेला होता.

आज त्या शहरात, आणि आपल्या पुण्यामुंबईतही, गल्लोगल्ली जिम झाल्या आहेत. दिवसभर संगणकापुढे मान पुढे काढून आणि पाठ वाकवून बसलेला एखादा पंचविशी-तिशीतला तरुण डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी तो जिममध्ये जातो, बाकावर उताणा निजतो, आणि छातीपर्यंत आणलेला जड दांडा वर ढकलतो. याला बेंच प्रेस म्हणतात. सहा महिने सारे ठीक चालते. दंड भरतात, छाती रुंदावते, वजनाच्या चकत्या वाढत जातात. मग एके दिवशी दांडा खाली येताना खांद्याच्या पुढच्या बाजूस कळ येते. काही दिवसांनी शर्टाच्या बाहीत हात घालतानाही ती जाणवते, आणि पुढे त्या कुशीवर झोपणेही कठीण होते. आता त्याला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. जिममधला जोडीदार म्हणतो, “सोस रे, दुखल्याशिवाय अंगाला लागत नाही.” घरची वडील माणसे म्हणतात, “बाबा, सोडून दे ते लोखंड.” दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले असतात, आणि बहुतेक वेळा दोन्ही चुकीचे ठरतात. ते का, हे समजण्यासाठी आधी खांद्याची घडण पाहिली पाहिजे.

मांडीचे हाड कमरेशी जेथे जोडले जाते, तेथे खोल वाटी असते आणि त्या वाटीत हाडाचा गोळा पक्का बसलेला असतो. उखळात मुसळ बसावे तसा तो प्रकार. खांद्याची गोष्ट अगदी उलट आहे. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा, आणि ज्या खळग्यावर तो टेकतो तो खळगा मात्र बशीसारखा उथळ. हा खळगा असतो पाठीवरच्या फऱ्याच्या, म्हणजेच अंसफलकाच्या, बाहेरच्या कडेला. तो फराही कशाला घट्ट खिळलेला नाही. गळ्याखालच्या आडव्या हाडाशी, म्हणजे जत्रूशी, असलेला एक लहानसा सांधा सोडला, तर तो केवळ स्नायूंच्या आधाराने बरगड्यांवर इकडेतिकडे सरकत असतो. या साऱ्या सैल रचनेमुळेच आपण झाडाची फांदी धरू शकतो, पाठ खाजवू शकतो, गोफण फिरवू शकतो. निसर्गाने येथे भक्कमपणा देऊन मोकळेपणा विकत घेतला आहे.

मग हा गोळा बशीवरून घरंगळत का नाही? त्याला चार लहान स्नायूंनी चहूकडून धरून ठेवलेले असते. फऱ्यापासून निघून त्यांच्या कंडरा गोळ्याला गवसणीसारख्या वेढतात. डॉक्टर या चौकडीला रोटेटर कफ म्हणतात. खांद्याच्या वरचा जो गोल, दिमाखदार स्नायू आरशात दिसतो, तो हात उचलण्याचे काम करतो. पण तो एकटाच ओढू लागला तर गोळा वर सरकून फऱ्याच्या छज्जावर, म्हणजे अंसकुटावर, आदळेल. ही चौकडी गोळ्याला त्याच वेळी आत आणि खाली धरून ठेवते. मोठ्या स्नायूंनी गाडी ओढावी आणि या लहानांनी चाक आसावर ठेवावे, अशी ही वाटणी आहे.

दुसरा भागीदार म्हणजे फरा. १९४४ साली अमेरिकेत इन्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी खांद्याच्या हालचालींचा प्रसिद्ध अभ्यास केला. हात बाजूने उचलून पार डोक्यावर नेला, म्हणजे १८० अंश फिरविला, तर त्यांपैकी सुमारे १२० अंश मूळ सांध्यात आणि सुमारे ६० अंश फऱ्याच्या फिरण्याने मिळतात, असे त्यांना दिसले. याचा अर्थ असा, की हात वर जाताना फऱ्यानेही त्याच्याबरोबर वर वळले पाहिजे. दिवसभर पाठीला पोक काढून बसणाऱ्याची पाठ ताठरते. अशी पाठ घेऊन जड वजन डोक्यावर नेऊ पाहिले, तर फऱ्याच्या वाट्याचे काम खांद्याच्या सांध्याला करावे लागते.

आता दुखणे कसे येते ते पाहू. १९७२ साली चार्ल्स नीर या अमेरिकन शल्यविशारदाने एक उपपत्ती मांडली. अंसकुटाच्या छज्जाखाली कंडरा घासली जाते, चिमटली जाते, आणि तीच दुखण्याचे मूळ असते, असे तिचे सार. यावरून छज्जाचे हाड तासून जागा करण्याची शस्त्रक्रिया जगभर रूढ झाली. परंतु ब्रिटनमध्ये एक मोठी तुलना करण्यात आली. काही रोग्यांचे हाड तासले, काहींच्या सांध्यात केवळ दुर्बीण घालून पाहिले आणि हाडाला हात लावला नाही, तर काहींवर कोणतेच उपचार केले नाहीत. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये तिचा निष्कर्ष छापून आला. हाड तासलेल्यांना नुसती दुर्बीण घातलेल्यांपेक्षा काही अधिक गुण आला नव्हता. आणि काहीच न केलेल्यांहून या दोघांची स्थिती बरी असली, तरी तो फरक व्यवहारात मोलाचा ठरावा इतका नव्हता. म्हणजे निव्वळ घासण्याने सारे स्पष्ट होत नाही. आज बहुतेक तज्ज्ञांचा कल असा आहे, की कंडरेवर पडलेला भार आणि तो सोसण्याची तिची तयारी यांचा मेळ बिघडला, हे अशा दुखण्याचे मुख्य कारण असते.

येथे एक बारकावा आहे. स्नायूला रक्ताचा पुरवठा भरपूर. त्यामुळे तो काही आठवड्यांत बळावतो. कंडरा मात्र सावकाश पालटते. तिला महिने लागतात. तरुणाचा दंड म्हणतो, “आणखी दहा किलो चढव.” कंडरा त्या वेळी मागच्याच महिन्याचा हिशेब पुरा करीत असते. ताकदीसाठी चोरून संप्रेरकांची इंजेक्शने घेणाऱ्यांत हे अंतर आणखी वाढते, आणि मग छातीच्या स्नायूची कंडरा एका झटक्यात तुटल्याची उदाहरणे घडतात. जत्रूच्या बाहेरील टोकाशी होणारे दुखणे आणखी वेगळे. तेथे वारंवार भार पडून हाडाचे टोकच झिजू लागते. १९८२ साली केहिल या अमेरिकन डॉक्टरांनी खेळाडूंमधील या विकाराचे वर्णन केले, आणि त्यांचे जवळजवळ सारे रोगी वजने उचलणारेच होते.

फोटोविषयीही एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. एमआरआयच्या अहवालात ‘कंडरा फाटली आहे’ असे वाचले की रोग्याचा धीर सुटतो. पण ज्यांचा खांदा मुळीच दुखत नाही, अशा अनेक मध्यमवयीन माणसांच्या फोटोंतही असे फाटे आढळतात. केस पिकावेत तसा वयाचा तो परिणाम असतो. तेव्हा अहवाल हा रोग्याच्या तक्रारीशी आणि प्रत्यक्ष तपासणीशी ताडूनच वाचला पाहिजे.

इतके ध्यानात घेतले म्हणजे, सोसत राहणे चूक का आणि अजिबात सोडणे चूक का, ते आपोआप उलगडते. तोच भार तसाच घालत राहिल्यास बिघडलेला मेळ अधिकच बिघडतो. उलट खांदा महिना दोन महिने गळ्यात बांधून ठेवला, तर कळ थांबते हे खरे; पण कंडरेची भार सोसण्याची तयारीही त्याबरोबर खालावते. मग तोच गडी उत्साहाने जुन्या वजनाकडे परततो, आणि आठवडाभरात पुन्हा जागच्या जागी येतो. खरी वाट या दोहोंच्या मधून जाते. दुखण्याला वळसा घालून व्यायाम चालू ठेवावयाचा, आणि हळूहळू त्या वळणावरून मूळ रस्त्यावर यावयाचे.

हा वळसा कसा घालावा? पहिली गोष्ट, दुखणे मोजावयास शिकावे. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, असे मानले, तर व्यायाम करताना तीनपर्यंतचे दुखणे चालते. मात्र ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत् झाले पाहिजे. सकाळी खांदा अधिक दुखत असेल, तर कालचा भार जास्त झाला, असे समजून एक पायरी खाली यावे. वेदनाशामक गोळी घेऊन दांड्याला हात घालू नये. वेदना ही या कामातील हिशेबनीस आहे. तिचेच तोंड बंद केल्यावर हिशेब कोण ठेवणार?

दुसरी गोष्ट, हालचाल सोडू नये. तिचे रूप बदलावे. बाकावर दांडा छातीला टेकेपर्यंत खाली आणताना कोपरे पाठीच्या पातळीच्या मागे जातात आणि खांद्याच्या पुढील भागावर ताण पडतो. तेव्हा काही काळ जमिनीवर निजून वजन ढकलावे. कोपरे जमिनीला टेकतात आणि हालचाल आपोआप मर्यादित राहते. लांब दांड्याऐवजी दोन हातांत दोन डंबेल घेऊन तळवे समोरासमोर ठेवावेत. कोपरे अंगापासून काटकोनात फाकवू नयेत; ती थोडी आत, बरगड्यांच्या बाजूस घ्यावीत. हात बाजूने उचलण्याचे व्यायाम अगदी आडव्या रेषेत न करता थोडे पुढच्या अंगाला करावेत, कारण फऱ्याची स्वाभाविक दिशाच तशी तिरपी असते. वजन निम्म्यावर आणावे लागले तरी आणावे, आणि ते सावकाश, तीन-चार अंक मोजत खाली आणावे.

तिसरी गोष्ट, ढकलण्याइतकेच ओढावे. आरशात छाती दिसते, पाठ दिसत नाही. म्हणून तरुण छातीला दिवस देतात आणि पाठीला उरलेला वेळ. दांडा पोटाकडे ओढणे, दोरी चेहऱ्याकडे ओढणे, दंड बरगडीशी ठेवून हात बाहेरच्या बाजूस फिरविणे, अशा व्यायामांनी फऱ्याचे स्नायू आणि ती लहान चौकडी सशक्त होते. हे व्यायाम दिसावयास साधे आणि कंटाळवाणे असतात. पण आठवड्यातून दोन-तीन वेळा, निदान बारा आठवडे, चिकाटीने केले तरच त्यांचा गुण कळतो.

येथे आपल्या जुन्या तालमींची आठवण होणे साहजिक आहे. मराठी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड ज्यांनी १९३६ ते १९४९ या काळात बडोद्याहून सिद्ध केले, त्या दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांच्या कार्यात देशी व्यायामांची केवढी संपत्ती नोंदलेली आहे! त्यांतील जोडी फिरविण्याचा व्यायाम घ्या. लाकडी मुद्गल डोक्यामागून, पाठीवरून, पुढे असे झुलते ठेवले की खांदा आपल्या साऱ्या मोकळ्या कक्षेतून फिरतो आणि फऱ्यालाही त्याबरोबर फिरावे लागते. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज सैनिकांनी एकोणिसाव्या शतकात हा व्यायाम उचलला आणि युरोपात नेला. १९०४ आणि १९३२ या सालांच्या ऑलिंपिक सामन्यांत मुद्गल फिरविण्याची स्पर्धाही झाली. हलक्या जोडीने सुरुवात करून सावकाश फिरविल्यास जड वजनापूर्वी खांदा उबदार करण्याचा यासारखा सोपा मार्ग क्वचितच सापडेल. जोर काढताना शेवटी फरे पुढे नेत पाठ किंचित गोल केली, तर त्यांतूनही फऱ्याच्या स्नायूंना चांगले काम मिळते. मात्र कळ ताजी असताना खोल जोर आणि झटक्याची जोडी दोन्ही टाळावीत.

वजन हे दुखण्याचे कारण असते तसे औषधही असते, ही गोष्ट नवी नव्हे. १९४५ साली टॉमस डिलॉर्म नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरने शिकागोच्या रुग्णालयात जायबंदी सैनिकांवर एक प्रयोग केला. हलके वजन शेकडो वेळा उचलविण्याची तेव्हाची रीत बाजूला सारून त्याने जड वजन थोड्या वेळा, आणि क्रमाक्रमाने वाढवीत, उचलविले. दुबळे झालेले गुडघे अपेक्षेहून लवकर सावरले. पुढे त्याने जी पद्धत रूढ केली, तीत दहा वेळा उचलता येईल अशा वजनाच्या निम्म्याने पहिली फेरी, पाऊण वजनाने दुसरी आणि पुऱ्या वजनाने तिसरी करावयाची असते. दुखऱ्या खांद्याला मूळ वजनाकडे परत नेतानाही तत्त्व हेच: पायऱ्या लहान असाव्यात, पण चढण थांबू नये.

अव्वल दर्जाच्या खेळाडूंनाही याच वाटेने जावे लागते. २००० साली सिडनीला करणम मल्लेश्वरीने ११० आणि १३० मिळून २४० किलो उचलून कांस्यपदक मिळविले; ऑलिंपिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय महिला. बंगळूरच्या क्रीडाकेंद्रात तिने सराव केला होता. तिच्यानंतर वीस वर्षांनी मणिपूरच्या मीराबाई चानूची पाळी आली. तिला पाठीचा व खांद्याचा त्रास होता आणि त्यामुळे एका दमात दांडा डोक्यावर नेण्याच्या स्नॅच प्रकारात ती अडखळत होती. २०२० च्या अखेरीस ती अमेरिकेत सेंट लुईस येथे एका शरीरोपचारतज्ज्ञाकडे गेली. तेथे भर दिला गेला तो स्नायूंमधील असमतोल दूर करण्यावर. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला तिने क्लीन अँड जर्क प्रकारात ११९ किलोंचा तत्कालीन जागतिक विक्रम केला, आणि त्याच वर्षी २४ जुलै रोजी टोकियोत एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक पटकावले. जिने दुखऱ्या खांद्यामुळे खेळ सोडला नाही आणि दुखणे नाकारलेही नाही, तिचे हे उदाहरण आहे.

तरीही काही प्रसंगी स्वतःचे शहाणपण बाजूला ठेवून डॉक्टरांकडे धाव घेतली पाहिजे. वजन उचलताना फटकन आवाज होऊन हाताचे बळ गेले, हात वर उचलताच येईना, खांद्याचा आकार बदलला वा तो निखळला, हातात मुंग्या येऊन बधिरता आली, रात्रीची वेदना विश्रांतीनेही हटेना किंवा तिच्याबरोबर ताप आला, तर विलंब करू नये. मधुमेही माणसाचा खांदा हळूहळू आखडत जात असेल तर ते दुखणे वेगळे असते आणि त्याचे उपचारही वेगळे. आणि डाव्या खांद्यातील कळ छातीत दाटल्यासारखे होणे, घाम किंवा धाप यांसह आली, तर ती खांद्याची समजू नये. ती हृदयाची हाक असू शकते, आणि तेथे मिनिटांचा हिशेब असतो.

आपल्या ग्रामीण महाराष्ट्रात बैलपोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले बैलाचे खांदे शेतकरी तुपाने व हळदीने चोळतो. दुसऱ्या दिवशी सण, झूल, मिरवणूक. पण आधी खांद्याची सेवा. खांदा दुखावला म्हणून तो बैलाला जन्माचा मोकळा सोडीत नाही, आणि दुखावलेल्या खांद्यावर तेच जू तसेच लादीतही नाही. ज्याच्या बळावर आपले सारे चालते, त्याचे दुखणे वेळीच ओळखावे, भार जाणून घालावा आणि त्याला धीराने पुन्हा कामाला आणावे, एवढे त्याला कोणी न शिकविता कळते. जिममधल्या आपल्या तरुणांनी स्वतःच्या खांद्याशी इतक्या मायेने वागावयाचे ठरविले, तर लोखंड त्यांना साठीतही सोडून द्यावे लागणार नाही.